राज्यघटनेतला अपॉस्ट्रॉफी

अमेरिकेची राज्यघटना १७८७ साली लिहिली गेली. तिची मूळ प्रत वॉशिंग्टनच्या नॅशनल आर्काइव्ह्जमध्ये आहे. कधी गेलात तर पहिल्या कलमाचा दहावा विभाग शोधा. तिथे ‘त्याचे’ या अर्थाने ‘इट्स’ लिहिलंय, आणि टी नि एसच्या मध्ये चक्क अपॉस्ट्रॉफी आहे! आज शाळेत कुणी असं लिहिलं तर लाल पेन फिरलंच म्हणून समजा. पुढे बघा. ‘चूज’ हा शब्द डबल ओ न वापरता सी-एच-यू-एस-ई असा लिहिलाय. पेनसिल्व्हेनिया हे नाव मजकुरात डबल एनने येतं, सह्यांच्या बाजूला मात्र एकाच एनने.

मग हे लिहिणारे अडाणी होते का? अजिबात नाही. तेव्हा तसं चालत होतं.

अपॉस्ट्रॉफी इंग्रजीत आला सोळाव्या शतकात, फ्रेंचकडून. काम एकच: अक्षर गाळलंय हे दाखवायचं. मालकी दाखवायला तो नंतर वापरला जाऊ लागला. ‘इट्स’ हे सर्वनामही तसं नवंच. आधी निर्जीव वस्तूंसाठीही ‘हिज’ वापरत. १६११ च्या इंग्रजी बायबलच्या पहिल्या छापील आवृत्तीत ‘इट्स’ सापडत नाही. पुढे तो रुळला तेव्हा अनेकांनी त्यात अपॉस्ट्रॉफी घातला. का नाही घालणार? ‘जॉनचं’ लिहिताना घालायचा, मग ‘त्याचं’ लिहिताना का नको? पण ‘हिज’, ‘हर्स’, ‘युअर्स’मध्ये तो नसतो, म्हणून ‘इट्स’मध्येही नको, असा संकेत हळूहळू पक्का झाला. म्हणजे आज ही चूक करणाऱ्याचं तर्कशास्त्र ठीक असतं. संकेत तेवढा वेगळा ठरलाय.

मग या चुकीवर लोक एवढे का चिडतात? त्याची मुळं अठराव्या शतकातल्या इंग्लंडमध्ये आहेत. व्यापारातून पैसा आलेल्या कुटुंबांना आपण सभ्य, शिकलेले दिसायला हवे होतो. त्यांच्यासाठी व्याकरणाच्या पुस्तकांचा बाजारच उभा राहिला. रॉबर्ट लोथचं पुस्तक १७६२ मध्ये आलं, लिंडली मरेचं १७९५ मध्ये. मरेने आपलं पुस्तक यॉर्कमधल्या मुलींच्या एका शाळेसाठी लिहिलं होतं, पण त्याच्या लाखो प्रती खपल्या. या पुस्तकांनी भाषा शिकवली, त्याचबरोबर माणूस कुठल्या घरातला हे ओळखायची खूणही दिली.

आपल्याकडेही हेच झालं. मराठी साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे नियम १९६२ साली आले आणि न उच्चारले जाणारे अनुस्वार गेले. त्याआधी शाळेत गेलेल्या आजोबांच्या पत्रात ‘नांव’, ‘कांहीं’ दिसलं, तर ते त्यांच्या काळी बरोबरच होतं.

आता मुद्द्याचं. तुमच्यापैकी अनेकांचे आईबाबा मराठी माध्यमात शिकले. तिथे इंग्रजी पाचवीपासून सुरू व्हायचं. पहिलीपासून आलं ते २००० साली. मराठीत मालकी दाखवायला ‘चा-ची-चे’ सरळ शब्दाला चिकटतो, चिन्हाची भानगडच नाही. अशा वाटेने आलेल्या माणसाने परदेशात इंग्रजीत नोकरी केली, तुमच्या शाळेच्या मीटिंगा निभावल्या, बँकेशी पत्रव्यवहार केला. त्यांच्या मेसेजमधल्या एका अपॉस्ट्रॉफीचा स्क्रीनशॉट काढून मित्रांत हसणं सोपं आहे. पण हसताना आपण कुणाची फूटपट्टी हातात धरलीय, हे माहीत असू द्या.

याचा अर्थ नियम सोडून द्या असा नाही. नोकरीच्या अर्जात ‘इट्स’ नीट तपासा, कारण वाचणारा त्यावरून तुम्हाला जोखणार. बाबांनी अर्ज तपासायला दिला तर तोही मन लावून सुधारा, आणि नियम का असा आहे तेही सांगा. अर्थ बिघडत असेल तिथे तर जरूर बोला. पण न विचारता, चारचौघांत, नुसतं चिन्ह चुकलं म्हणून टोकायची जीभ शिवशिवली, तर राज्यघटनेचा तो दहावा विभाग आठवा.