रक्त थांबत नाही, अहवाल मात्र ‘नॉर्मल’

दात काढल्यावर दोन दिवस हिरडी वाहत राहणे, मुलाच्या गुडघ्यात वारंवार रक्त साकळून सूज येणे, पाळीचा रक्तस्राव आठवड्यापलीकडे लांबणे अशा तक्रारींचे कारण अनेकदा वर्षानुवर्षे सापडत नाही. ते शोधण्याचा मार्ग प्रयोगशाळेतून जातो. पण तेथे कोणती चाचणी आधी आणि कोणती नंतर, याला फार महत्त्व आहे.

भंडाऱ्यासारख्या धानाच्या जिल्ह्यात पहिला प्रश्न सर्पदंशाचा असतो. घोणस किंवा फुरसे यांच्या विषाने रक्त गोठेनासे होते. त्यासाठी यंत्र लागत नाही. कोरड्या, स्वच्छ, नव्या काचनळीत दोन मिलिलिटर ताजे रक्त घेऊन ते २० मिनिटे न हलवता ठेवावे आणि मग नळी तिरपी करावी. रक्त पातळच असेल, तर विषबाधेचा संशय बळावतो. नळी प्लॅस्टिकची असली, तर मात्र चाचणी फसते.

सर्पदंश नसेल, तर रुग्णाचा व कुटुंबाचा इतिहास, औषधांची चौकशी, प्लेटलेटची संख्या आणि ‘पीटी’ व ‘एपीटीटी’ या दोन चाचण्या हा पहिला टप्पा. केवळ एपीटीटी लांबले, तर घटक ८, ९ किंवा ११ यांची कमतरता संभवते. हिमोफिलिया याच गटातला. केवळ पीटी लांबले, तर संशय घटक ७ वर जातो. दोन्ही लांबले, तर यकृताचा विकार, ‘के’ जीवनसत्त्वाचा अभाव किंवा रक्त पातळ करणारे औषध यांचा विचार होतो. काही उंदीरनाशकांतही त्याच जातीचे द्रव्य असते, हे विसरू नये.

यानंतर रुग्णाचा प्लाझ्मा निरोगी प्लाझ्मात समप्रमाणात मिसळतात. वेळ पूर्ववत झाली, तर घटकाची उणीव. न झाली, तर घटकाला निष्प्रभ करणारे प्रतिद्रव्य असण्याची शक्यता. उपचार या उत्तरावर अवलंबून असल्याने हा टप्पा गाळणे परवडत नाही.

खरी अडचण सर्व अहवाल ‘नॉर्मल’ येतात तेव्हा सुरू होते. घटक १३ ची कमतरता पीटी-एपीटीटीत दिसतच नाही. नवजात बाळाची नाळ पडल्यावर तेथून रक्त येत राहणे ही तिची ठळक खूण; अशा बाळाला मेंदूत रक्तस्रावाचा धोका असतो. तिच्यासाठी रक्ताची गुठळी युरियाच्या द्रावणात विरघळते का, हे पाहतात. विदर्भात सिकलसेलमुळे परिचित असलेली ‘सोल्युबिलिटी’ चाचणी ती ही नव्हे. व्हॉन विलेब्रँड विकाराचे सौम्य रूपही असेच निसटते. ताण किंवा गर्भावस्थेत या घटकाची पातळी वाढते, म्हणून एका अहवालावर निकाल देऊ नये.

नमुना घेण्यातील हयगय हा तर स्वतंत्र विषय आहे. निळ्या झाकणाच्या सायट्रेट नळीत नऊ भाग रक्त आणि एक भाग सायट्रेट हे प्रमाण हवे. नळी अर्धवट भरली, तर निरोगी माणसाचेही एपीटीटी लांबलेले दिसते. ही चाचणी साधारणतः चार तासांत व्हावी आणि तोवर रक्त फ्रिजमध्ये ठेवू नये. दूर पाठवायचे झाल्यास प्लाझ्मा वेगळा करून, गोठवूनच पाठवावा लागतो. भंडाऱ्याहून नागपूर सुमारे ६० किलोमीटर. तेथे नमुना वेळेत पोहोचतो. मुंबईला परळच्या केईएम रुग्णालयाच्या आवारातील राष्ट्रीय प्रतिरक्षा-रक्तविज्ञान संस्थेत दुर्मीळ घटकांच्या व जनुकीय चाचण्या होतात. १९५७ मध्ये रक्तगट संदर्भ केंद्र म्हणून तिचा आरंभ झाला होता.

एक अपवाद मात्र ध्यानात ठेवावा. ग्लांझमन विकारात प्लेटलेटची संख्या पुरेशी असते. पण त्या एकमेकींना चिकटत नाहीत. हे तपासण्यासाठी काही तासांच्या आतले ताजे रक्तच लागते, ते गोठवून पाठवता येत नाही. अशा वेळी नळीऐवजी रुग्णालाच प्रवास करावा लागतो, आणि निघण्यापूर्वी निदान आठ-दहा दिवस अ‍ॅस्पिरिनसारखे औषध पोटात गेलेले नसावे. मात्र ते औषध हृदयविकारासाठी चालू असेल, तर डॉक्टरांना विचारल्याविना बंद करू नये.