परवाना, बिल्टी आणि जुना ट्रक

कॅनॉट प्लेसपासून इंडिया गेटच्या दिशेने जाणाऱ्या कस्तुरबा गांधी मार्गावर, म्हणजे एकेकाळच्या कर्झन रोडवर, महाराष्ट्र सदनाची नवी वास्तू आहे, बँका आहेत, कचेऱ्या आहेत. मालाने भरलेला ट्रक मात्र तेथे दिवसा सहसा दिसत नाही. तरीही देशभरच्या ट्रकमालकांचे नियम ठरवणारे परिवहन मंत्रालय तेथून जवळच, संसद मार्गावर, दीर्घकाळ बसत आले, आणि तुटपुंज्या भांडवलावर या धंद्यात उतरणाऱ्याची कोंडी गाडीच्या किमतीपेक्षा कागदांच्या इतिहासातून अधिक उलगडते.

धंद्यात शिरण्याच्या वाटा दोन. पहिली गाडीमालकाची. दुसरी ‘ट्रान्सपोर्ट’वाल्याची, त्याच्याजवळ स्वतःची एकही गाडी नसली तरी चालते, कारण एक गाळा, दोन हमाल आणि छापील बिल्टीबुक एवढ्यावर त्याचे काम सुरू होते. बिल्टी म्हणजे माल ताब्यात घेतल्याची पावती. तिच्यावर नग, वजन, भाडे आणि ते कोणी भरायचे हे लिहिलेले असते. गाडीमालकाला भाड्याचा मोठा भाग निघताना उचल म्हणून मिळतो, पण उरलेली रक्कम ‘पोच’ आणल्यावरच हाती पडते, म्हणजे माल उतरवून घेणाऱ्याचा सही-शिक्का असलेली बिल्टीची प्रत परत आल्यावर. डिझेल, टायर आणि कर्जाचा हप्ता मात्र त्या कागदासाठी थांबत नाहीत. ट्रान्सपोर्टवाल्याची जोखीम वेगळी: भाडे देणाऱ्या कोणाचाही माल नेणारा, कायद्याच्या भाषेत ‘सामाईक वाहक’, म्हणून त्याला १८६५ चा वाहक कायदा लागू होता. सोने, रेशीम, घड्याळे अशा यादीतील वस्तूंची किंमत १०० रुपयांहून अधिक असेल, तर ती आधी जाहीर केल्याखेरीज नुकसानीची भरपाई मागता येत नसे. बैलगाडीच्या काळातली ही मर्यादा २००७ चा नवा कायदा २०११ मध्ये अमलात येईपर्यंत टिकली, हे आश्चर्यच.

गाडीमालकाला जाचला तो परवाना. रेल्वेला मोटारींची स्पर्धा डोईजड होऊ लागल्यावर झालेल्या १९३९ च्या मोटार वाहन कायद्याने मालवाहतुकीला परवाना सक्तीचा केला आणि तो नाकारण्याचा अधिकार सरकारी प्राधिकरणाला दिला. साहजिकच परवान्यालाच किंमत आली. १९७५ च्या राष्ट्रीय परवान्याने परराज्यांचे रस्ते खुले झाले खरे, पण परवान्यांची संख्या मर्यादित होती. १९८८ च्या कायद्याने मालवाहतुकीचा परवाना सहसा नाकारू नये असे म्हटले, तेव्हा कोठे ही अट सैल झाली.

अडसर मग गाडीच्या वयाकडे सरकला. गरजू नवशिक्या जुनीच गाडी घेतो, आणि अशा गाड्यांवर कर्ज देण्याचा व्यवसाय १९७९ साली चेन्नईत सुरू झालेल्या श्रीराम ट्रान्सपोर्ट फायनान्ससारख्या कंपनीने उभा केला. परंतु १९८९ च्या नियमांनी बहुआसी नसलेल्या, म्हणजे दोनच आस असलेल्या, गाडीला बारा वर्षांनंतर राष्ट्रीय परवाना नाकारला, तर राजधानी क्षेत्रात राष्ट्रीय हरित लवादाने २०१५ मध्ये दहा वर्षांवरील डिझेल वाहनांवर बंदी घातली. अशी गाडी ना हरकत प्रमाणपत्र घेऊन दिल्लीबाहेर पडते आणि दूरच्या एखाद्या जिल्ह्यात, नवा नंबर लावून, दुसऱ्या कोणाची तरी पहिली गाडी होते.