नाणेघाट ते धसई

नवें यंत्र देशांत आलें म्हणजे त्यावर मत देणाऱ्यांची वाण पडत नाहीं. कोणी त्यांत राष्ट्राचा उद्धार पाहतो, कोणी धर्माचा नाश पाहतो, आणि वर्तमानपत्रांचे रकाने दोघांच्या वादानें भरून जातात. या वादांत एक पक्ष मात्र बहुधा बोलत नाहीं. त्याच्याविषयीं बोललें जातें. तो पक्ष खेड्यांतील गिऱ्हाइकाचा. आगगाडी आली तेव्हां तो तिला भितो असें ठरलें. इंटरनेट आलें तेव्हां त्याला त्यांतलें कांहीं कळत नाहीं असें ठरलें. त्याचें स्वतःचें मत काय होतें हें पाहावयाचें तर त्याचे लेख आपणांस मिळत नाहींत. त्यानें काय वापरलें, काय टाकलें आणि कशासाठीं खिशांत हात घातला, यावरूनच तें काढावें लागतें. ठाणें जिल्ह्यांतील शहापूर आणि मुरबाड या दोन तालुक्यांचा इतिहास या दृष्टीनें पाहण्यासारखा आहे असें आम्हांस वाटतें.

हे दोन्ही तालुके सह्याद्रीच्या पायथ्याशीं वसलेले. एका बाजूस समुद्रकांठचीं बंदरें, दुसऱ्या बाजूस देशावरच्या पेठा, आणि मधल्या वाटेवर हे. त्यामुळें जें जें दूर जाण्यासाठीं निघालें तें तें यांच्या दारावरून गेलें. मुरबाडच्या सरहद्दीवर नाणेघाट आहे. शहापुरावरून मुंबई-आग्रा रस्ता थळघाटाकडे जातो. जें दारावरून जातें तें येथें थांबतें काय, आणि थांबलें तर कोणत्या भावानें, हा प्रश्न येथल्या रहिवाशास दर पिढीला नव्यानें पडत आला आहे.

नाणेघाटाची वाट मुरबाड तालुक्यांतील वैशाखरे गांवाकडून वर चढते आणि जुन्नरच्या पठारावर निघते. कल्याण व सोपारा या बंदरांतून जुन्नर-पैठणकडे जाणारा व्यापार सातवाहनांच्या काळीं या वाटेनें चाले. घाटमाथ्याजवळच्या लेण्यांत नागनिका राणीचा ब्राह्मी लिपींतील लेख आहे. तो इसवी सनापूर्वींच्या पहिल्या शतकाच्या सुमाराचा मानतात. त्यांत केलेल्या यज्ञांची आणि दिलेल्या दक्षिणेची यादी आहे: इतक्या गाई, इतके घोडे, इतके कार्षापण. हें दान अंकांनीं मांडलेलें असल्यामुळें पंडित भगवानलाल इंद्रजी यांनीं १९ व्या शतकांत या अंकांवर स्वतंत्र निबंध लिहिला, आणि देशांतील अतिप्राचीन अंकांमध्यें त्यांची गणना होऊं लागली. हे अंक दशस्थानपद्धतीचे नव्हेत. दहा, शंभर, हजार यांस निरनिराळीं चिन्हें आहेत आणि शून्य मुळींच नाहीं. आजच्या संगणकाचा सारा कारभार एक आणि शून्य या दोहोंवर चालतो. त्यांपैकीं एक मुरबाडच्या सरहद्दीवर येऊन बसला होता, दुसरा यावयाचा होता, असें विनोदानें म्हणतां येईल. माथ्यावर जो मोठा दगडी रांजण आहे त्यांत जकातीचीं नाणीं टाकीत असें लोक सांगतात. परंपरा खरी धरली तर जकात देणारा आणि घेणारा दोघेहि परगांवचे. खालच्या वस्तीला तांडे जातांना दिसत.

दोन हजार वर्षें ओलांडून आपण आगगाडीकडे येऊं. मुंबई ते ठाणें हा लोहमार्ग १६ एप्रिल १८५३ रोजीं सुरू झाला. १८५५ मध्यें तो वासिंदपर्यंत आला, १८६१ मध्यें कसाऱ्यास पोंचला, आणि थळघाट फोडून १८६५ मध्यें इगतपुरीस गेला. मार्ग आंखला जात होता तेव्हां कित्येक जाणत्या साहेबांचें भाकित असें होतें कीं, येथील लोक जातिभेदामुळें एका डब्यांत बसणार नाहींत आणि गरिबीमुळें भाडें देणार नाहींत. गाड्यांनीं कापूस वाहावा हेंच बरें. गाड्या सुरू झाल्या आणि तिसऱ्या वर्गाचे डबे माणसांनीं भरले. ज्यांस परवडेल असें भाडें आणि चढतां येईल असें स्टेशन मिळालें, त्यांनीं यंत्राविषयींचें आपलें मत तिकिटाच्या खिडकीशीं नोंदविलें. शहापूर तालुक्यांत वासिंद, आसनगांव, आटगांव, खर्डी, कसारा हीं स्टेशनें झालीं आणि त्यांच्या भोंवतीं वस्ती वाढली. मुरबाडकडे लोहमार्ग वळला नाहीं. तेथें जाणारा उतारू आजहि कल्याणास उतरून पुढें रस्त्यानें जातो. घाटाचा चढ ३७ फुटांस १ फूट इतका खडा असल्यामुळें लांबच्या पुष्कळ गाड्या कसाऱ्यास थांबत आल्या आहेत. परंतु हें थांबणें मागून जोर देणारीं इंजिनें जोडण्यासाठीं. फलाटावरील उतारूशीं त्याचा संबंध नाहीं.

तारेची गोष्ट थोडक्यांत सांगतां येते. लोहमार्गाबरोबर तिचे खांब या रानांतून गेले, आणि ज्याच्यापाशीं शब्दागणिक पैसे होते त्याचा निरोप त्यांवरून धांवला. खेड्यांत ‘तार आली’ हे शब्द बहुधा कोणी गेल्याचीच वर्दी देत, म्हणून तें कागदाचें चिटोरें उघडण्यापूर्वींच घरांतील बायका रडूं लागत. १४ जुलै २०१३ रोजीं सरकारनें ही सेवा बंद केली.

टपालाकडे मात्र सावकाश पाहिलें पाहिजे, कारण पुढील काळांतील एका मोठ्या वादाचें बीज त्यांत आहे. १८५४ पूर्वीं पत्राचा दर अंतरावर अवलंबून असे. जितकें दूर, तितका आकार अधिक. त्या वर्षींच्या कायद्यानें अंतराचा हिशेब रद्द झाला आणि देशांत कोठेंहि जाणाऱ्या पत्रास केवळ वजनावर दर लागूं लागला. हलक्या पत्रास अर्धा आणा. १८७९ मध्यें एका पैशाचें पोस्टकार्ड निघालें आणि पुढल्याच वर्षीं टपालखात्याची मनिऑर्डर सुरू झाली. या व्यवस्थेचा गुण असा कीं, कार्ड कोणी कोणास पाठविलें आहे आणि आंत काय लिहिलें आहे हें टपालखातें विचारीत नसे. मुंबईच्या पेढीचें कार्ड आणि गिरणींतल्या मजुराचें कार्ड एकाच थैलींतून, एकाच दरानें जाई. मनिऑर्डरीवर आकार पडे खरा, पण पोस्टमन पैसे घरपोंच आणून देई आणि साक्षीदार समोर ठेवून म्हातारीचा अंगठा घेई. हा अंगठा वाचकांनीं ध्यानांत ठेवावा.

आतां आपल्या काळांतील वाद. फेब्रुवारी २०१५ मध्यें फेसबुकनें रिलायन्स कम्युनिकेशन्सच्या साहाय्यानें कांहीं राज्यांत एक योजना आणली. निवडक संकेतस्थळें फुकट, इतरांस नेहमींचे पैसे. पुढें तिचें नांव ‘फ्री बेसिक्स’ झालें. या राज्यांत महाराष्ट्रहि होता, आणि त्या वर्षाच्या अखेरीस झुकरबर्ग यांनीं वर्तमानपत्रांत लेख लिहून महाराष्ट्रांतील एका शेतकऱ्याचें उदाहरण योजनेच्या समर्थनार्थ दिलें. उलट पक्षाचें म्हणणें असें कीं, जाळें हें रस्त्यासारखें आहे. रस्त्याच्या मालकानें अमुक गाडीस जकात माफ आणि तमुक गाडीस लागू असें करूं नये. दूरसंचार नियामक प्राधिकरणाकडे या विषयावर लाखों पत्रें गेलीं. ८ फेब्रुवारी २०१६ रोजीं प्राधिकरणानें निरनिराळ्या मजकुरास निरनिराळा दर लावण्यास मनाई केली.

हा निर्णय योग्य होता असें आमचें स्पष्ट मत आहे. पोस्टकार्डाचा जो न्याय १९ व्या शतकानें मान्य केला तो २१ व्यानें सोडण्याचें कारण नव्हतें. परंतु त्या वादांत दोन्ही पक्षांनीं शेतकऱ्याच्या नांवानें जी वकिली केली तिच्याविषयीं आम्ही तितकेंसें चांगलें बोलूं शकत नाहीं. एकानें त्याला फुकट देऊं केलें, दुसऱ्यानें तें फुकट घातक आहे असें सांगितलें. आणि निकाल लागल्यावर दोघेहि आपापल्या कामास लागले. घाटाखालच्या पाड्यांत रेंज आहे काय हें विचारावयास त्यांच्यापैकीं कोणी परत आला नाहीं. ग्रामपंचायतींपर्यंत काचतंतूची तार नेण्याची सरकारी योजना २०११ मध्येंच मंजूर झाली होती. तिच्या मुदती एकामागून एक पुढें गेल्या. शहापुरांतील माणसास या गोष्टीचें नवल वाटत नसावें. तानसा तलाव १८९२ पासून त्याच्या तालुक्यांतून मुंबईस पाणी देतो, भातसेचें धरणहि त्याच तालुक्यांत आहे, आणि दर उन्हाळ्यांत तालुक्यांतील कित्येक पाडे टँकरची वाट पाहतात.

याच वर्षाच्या अखेरीस मुरबाड तालुक्यांतील धसई हें गांव देशभर गाजलें. ८ नोव्हेंबर २०१६ रोजीं पांचशें व हजार रुपयांच्या नोटा रद्द झाल्या. त्यानंतर अवघ्या तीन आठवड्यांनीं, १ डिसेंबर रोजीं, धसई हें महाराष्ट्रांतील पहिलें रोकडरहित गांव म्हणून जाहीर झालें. एका सामाजिक संस्थेनें पुढाकार घेतला, बँक ऑफ बडोद्यानें कार्डाचीं यंत्रें दिलीं, त्या वेळचे अर्थमंत्री सुधीर मुनगंटीवार समारंभास आले. गांवच्या बाजारांत वडापावचे पैसेहि कार्डानें दिले जातात अशा बातम्या छापून आल्या. पुढच्या वर्षीं जे बातमीदार तेथें गेले त्यांस बहुतेक व्यवहार पुन्हा रोखीनें चाललेले दिसले. मग निराळ्या सुराचे लेख निघाले: खेड्यांतील माणूस जुनें सोडीत नाहीं, त्याला सुधारणा पेलत नाहीं, इत्यादि.

आम्हांस हा निष्कर्ष घाईचा वाटतो. धसई ही आसपासच्या वाड्यापाड्यांची पेठ आहे. तेथें येणारा गिऱ्हाईक रोजगारी. त्याची मजुरी रोख मिळते आणि त्याच सांजेला तेल, मीठ, मिरचीवर खर्च होते. त्याच्यापाशीं रोख असतांना ती आधीं बँकेंत भरावी, मग कार्डानें काढावी, हा वळसा त्यानें कशासाठीं घ्यावा? दुकानदाराची बाजू पाहा. कार्डाचें यंत्र मोबाईलच्या लहरींवर चालतें. लहर गेली कीं गिऱ्हाईक तिष्ठत उभें. विकलेल्या मालाचे पैसे त्याच्या गल्ल्यांत न पडतां मागाहून खात्यांत पडतात, आणि घाऊक व्यापाऱ्यास तर आजच द्यावयाचे असतात. शिवाय आकार. रिझर्व्ह बँकेनें २०१२ पासून दोन हजार रुपयांपर्यंतच्या व्यवहारास शेंकडा पाऊण रुपया ही कमाल मर्यादा ठेवली होती. नोटबंदीच्या दिवसांत तो आकार माफ झाला, मग कमी झाला. पण सवलत मुदतीची आहे हें दुकानदार जाणतो. साखरेच्या किलोमागें ज्यास रुपया-दोन रुपये सुटतात त्याला पाऊण टक्का लहान वाटत नाहीं. रांजण घाटमाथ्यावरून उतरून त्याच्या दुकानाच्या फळीवर येऊन बसला होता, आणि या वेळीं जकात परगांवच्या सार्थवाहाकडून नव्हे, त्याच्याचकडून मागत होता. त्यानें यंत्र बाजूस ठेवलें. यांत जुन्याचें प्रेम नाहीं, हिशेब आहे.

हिशेब बदलतांच वर्तनहि बदललें. १ जानेवारी २०२० पासून यूपीआय आणि रूपे कार्डावरील हा आकार सरकारनें काढून टाकला. स्वस्त फोन आणि स्वस्त डेटा तोंवर आलेच होते. त्यानंतर महाराष्ट्राच्या आठवडेबाजारांतून काळ्यापांढऱ्या ठिपक्यांचे चौकोन भाजीच्या टोपलीपर्यंत पोंचले, आणि त्यासाठीं कोणत्याहि मंत्र्यास समारंभ करावा लागला नाहीं. शहापूर तालुक्यांतील पाष्टेपाडा येथील जिल्हा परिषदेच्या शाळेची साक्षहि अशीच आहे. संदीप गुंड या शिक्षकांनीं तेथें संगणक आणि पडदा यांच्या साहाय्यानें मुलांस शिकविण्यास प्रारंभ केला. ती ‘डिजिटल शाळा’ राज्यभर नांवाजली आणि इतर गांवांनीं लोकवर्गणी काढून तशा शाळा उभारल्या. जो माणूस कार्डाच्या यंत्रास पाऊण टक्का देत नाहीं तोच शाळेच्या पडद्यासाठीं वर्गणी देतो. हे दोन निराळे स्वभाव आहेत असें आम्हांस वाटत नाहीं.

एक गोष्ट मात्र या हिशेबांत बसत नाहीं, ती सांगितली पाहिजे. धसईच्या समारंभापूर्वीं नऊ महिने, ८ मार्च २०१६ रोजीं, मुरबाड तालुक्यांतीलच फांगणे या गांवीं योगेंद्र बांगर या शिक्षकांनीं आजीबाईंची शाळा सुरू केली. साठी उलटलेल्या बाया गुलाबी लुगडीं नेसून, दप्तर घेऊन दुपारीं शाळेंत बसूं लागल्या. सही करतां यावी, पोथी वाचतां यावी, एवढीच त्यांची मागणी. मनिऑर्डरीच्या काळापासून ज्या अंगठ्यानें ओळख पटवावी लागे तो शाईंत बुडविणें त्यांस नकोसें झालें होतें, आणि म्हातारपणीं का होईना, त्यांनीं तो सोडला. त्यानंतर थोड्याच काळांत राज्यांतील रेशनच्या दुकानांत आधारचें यंत्र आलें. तें सही ओळखत नाहीं. तें अंगठा मागतें. शेतांत आणि चुलीपाशीं झिजलेल्या बोटांच्या रेषा कधीं त्यास उमटतात, कधीं उमटत नाहींत, आणि उमटल्या तर रेंज असावी लागते. म्हणजे बँकेच्या कागदावर जी बाई आपलें नांव लिहिते, तीच महिन्याच्या धान्यासाठीं काचेवर अंगठा टेकते, पुसते आणि पुन्हा टेकते.