चित्र आणि प्रपंच



मी मराठीचा प्राध्यापक. तरीही जाम नदीकाठच्या या सावरगावात आज चित्रकारांविषयी बोलणार आहे. कलेसाठी संसारावर पाणी सोडावे लागते, असा समज आपल्याकडे रूढ आहे. इतिहास त्यास दुजोरा देत नाही.

रावबहादुर धुरंधरांनी मुंबईच्या जे. जे. कलाशाळेतील नोकरी १९३१पर्यंत सांभाळली आणि पुस्तकांची चित्रे, चित्रपोस्टकार्डेही काढली. कन्या अंबिका त्यांच्याच वाटेने चित्रकर्ती झाली. सावंतवाडीच्या सावळाराम हळदणकरांनी (१८८२-१९६८) १९०८ साली मुंबईत स्वतःची चित्रशाळा काढली. म्हैसूरच्या जगन्मोहन राजवाड्यातील त्यांचे ‘ग्लो ऑफ होप’ हे जलरंगचित्र पुष्कळांना रविवर्म्याचे वाटते. दिव्याच्या उजेडात उजळलेली त्यातील स्त्री म्हणजे हळदणकरांची तिसरी कन्या गीता. प्रपंच येथे कलेच्या आड आला नाही. तोच चित्राचा विषय झाला.

परंतु हा समतोल कोणाच्या बळावर साधला, हेही पाहिले पाहिजे. चूल, पाळणा आणि पैपाहुणा ज्यांनी सांभाळला, त्या गृहिणींचे नाव चित्राखाली नसते. कला तर त्यांच्याही बोटांत होती. ती अंगणातील रांगोळीत उमटली आणि दुसऱ्या सकाळच्या सड्याखाली पुसली गेली. चित्रकाराला दिवसाचे काही तास मिळाले. तिला मिळाली पहाट, तीही घर जागे होईपर्यंतच.

म्हणून माझी विनंती एवढीच, की आपल्या आई-आजीने काढलेल्या रांगोळ्या आणि भिंतीवरची चित्रे आठवून कागदावर उतरवा व शाळेकडे द्या. आपल्या गावच्या कलेचा इतिहास लिहायचा झाल्यास आरंभ तेथूनच करावा लागेल.