सात हजार झाडं आणि सात हजार दगड

मे महिन्यात परभणीला घरी गेलो, तेव्हा आमच्या गल्लीतले दोन कडुलिंब गायब होते. रस्ता रुंद झाला म्हणे. रस्ता झालाय खरा, पण दुपारी बारा ते पाच त्यावर कुत्रंसुद्धा फिरकत नाही. ज्यांनी आमच्या गावचा मे महिना भोगलाय त्यांना वेगळं सांगायला नको. आईला विचारलं, तर म्हणाली, "जुलैत नवीन लावतील की. दरवर्षी लावतातच."

ते "दरवर्षी" डोक्यात राहिलं. दरवर्षी लावतात, तर झाडं जातात कुठं? रविवारी यावर वाचत बसलो आणि पोचलो थेट जर्मनीत.

तर मंडळी, १९८२ साली कासेल नावाच्या गावात 'डॉक्युमेंटा' हे मोठं कलाप्रदर्शन भरलं. योसेफ बॉइस हा त्यातला नावाजलेला आणि तितकाच विक्षिप्त कलाकार. त्याने म्युझियमसमोर बेसॉल्टचे सात हजार दगड आणून ढीग लावला. अट एकच: गावात एक झाड लावायचं, त्याच्या शेजारी एक दगड पुरायचा, तरच ढिगातला एक दगड कमी होणार. म्हणजे काम किती बाकी आहे ते सगळ्या गावाला रोज दिसणार. आमच्या भाषेत सांगायचं तर ओपन बग्सचा बोर्ड भर चौकात टांगला! :)

लोक अर्थातच वैतागले. एवढ्या छान म्युझियमसमोर हा काय राडारोडा? पण बॉइस हटला नाही. एका झाडाचे पाचशे मार्क अशी वर्गणी काढली, रशियन झारच्या मुकुटाची सोन्याची प्रतिकृती वितळवून त्याचा ससा केला, जपानी व्हिस्कीची जाहिरातसुद्धा केली. जर्मनीच्या ग्रीन पक्षाच्या स्थापनेतही तो होताच. कामाच्या नावात त्याने एक कोटी केली होती. जर्मनमध्ये 'नगरकारभार' या शब्दातलं एक अक्षर बदललं की 'नगराचं जंगल करणं' होतं. त्याला पहिल्याऐवजी दुसरं हवं होतं.

जानेवारी १९८६ मध्ये बॉइस गेला. ढीग संपला नव्हता. शेवटचं झाड जून १९८७ मध्ये त्याच्या मुलाने लावलं. पाच वर्षं लागली, पण आकडा पूर्ण झाला. झाड वाढत जातं, दगड तेवढाच राहतो. सुरुवातीला दगडापुढे रोप बिचारं वाटतं, वीस वर्षांनी उलट.

आणि हो, बेसॉल्ट म्हणजे दुसरं काही नाही, आपला काळा पाषाण. अख्खा मराठवाडा त्याच्यावर बसलाय, आपली काळी माती त्याचीच झालेली. दगडाची टंचाई आपल्याकडे नक्कीच नाही.

टंचाई झाडांची. राज्यात सगळ्यात कमी जंगल असलेल्या जिल्ह्यांत परभणीचा नंबर लागतो. शेजारच्या बीडची कथा फार वेगळी नाही, पण तिथे सयाजी शिंदे आणि लेखक अरविंद जगताप यांनी पालवणच्या उजाड डोंगरावर 'सह्याद्री देवराई' उभी केली. फेब्रुवारी २०२० मध्ये तिथेच वृक्षसंमेलन भरवलं. संमेलनाध्यक्ष कोण, तर वडाचं झाड! आपल्याकडची संमेलनाध्यक्षपदाची भांडणं आठवली की ही निवड फारच शहाणपणाची वाटते. शिंदे तिथेच थांबले नाहीत. २०२५ च्या शेवटी नाशिकच्या तपोवनात कुंभमेळ्याच्या साधुग्रामसाठी झाडं तोडायचा घाट घातला गेला, तेव्हाही ते विरोधात उभे राहिले. देवराई ही कल्पना तर आपल्या गावांची फार जुनी. देवाचं रान, कुऱ्हाड लावायची नाही.

बॉइसच्या काळात हवामानबदल हा शब्द घरोघरी पोचला नव्हता. आपल्याकडे तो शब्द आता सरकारी फलकावरही असतो. २०१९ साली राज्याचं उद्दिष्ट होतं तेहतीस कोटी रोपांचं. पण तेहतीस कोटींचा ढीग कुणाच्या दारात नसतो. लावलेलं रोप मेलं तर कुणाला काय दिसणार? खड्डा तोच, पुढच्या जुलैत पुन्हा फोटो. माझा आक्षेप एवढाच आहे.

जूनमध्ये पुन्हा गेलो. कडुलिंबाची दोन रोपं लावली, शेळ्यांसाठी बाभळीच्या काट्यांचं कुंपण केलं आणि दोन काळे दगड शेजारी पुरले. आई बघत होती.

"दगड कशाला रे?"

सगळी कासेलची कथा सांगितली. तिने शांतपणे ऐकून घेतलं.

"बरं. पाणी कोण घालणार? तू तर उद्या पुण्याला चाललास."

आता रोज रात्री फोन आला की पहिला रिपोर्ट रोपांचा असतो. डावं जोमात आहे. उजव्याची दोन पानं पिवळी पडलीत.