पदवी आणि रुग्णशय्या

वैद्यकीय महाविद्यालयाची अंतिम परीक्षा उत्तीर्ण होताच विद्यार्थ्याच्या नावाआधी ‘डॉक्टर’ ही उपाधी लागते. परंतु समाजाने त्यास डॉक्टर म्हणून स्वीकारेपर्यंत आणखी काही वाट चालावयाची उरते. ही वाट किती कठीण असते, याची साक्ष महाराष्ट्राच्या इतिहासातील दोन स्त्रियांची चरित्रे देतात. एकीला पदवी मिळाली, पण रुग्णसेवेचा दिवस उजाडला नाही. दुसरीने तो दिवस पाहिला आणि पुढे अनेक दशके सार्थकी लावला.

पहिली स्त्री म्हणजे आनंदीबाई जोशी. ३१ मार्च १८६५ रोजी कल्याण येथे जन्मलेल्या या कन्येचा विवाह नवव्या वर्षी गोपाळराव जोशी यांच्याशी झाला. चौदाव्या वर्षी झालेले अपत्य योग्य उपचारांअभावी अवघ्या दहा दिवसांत दगावले. पुरुष वैद्यापुढे आपले दुखणे सांगण्यास संकोचणाऱ्या असंख्य भगिनींसाठी स्त्री डॉक्टर हवी, ही जाणीव त्या दुःखातून दृढ झाली. १८८३ साली बंगालमधील श्रीरामपूर येथे केलेल्या जाहीर भाषणात त्यांनी आपला हेतू निर्भयपणे मांडला आणि त्याच वर्षी अमेरिकेस प्रयाण केले. फिलाडेल्फिया येथील स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयातून ११ मार्च १८८६ रोजी त्यांनी पदवी संपादन केली. ‘हिंदूंमधील प्रसूतिशास्त्र’ हा त्यांच्या प्रबंधाचा विषय होता. पदवीदान समारंभास पंडिता रमाबाई उपस्थित होत्या.

कोल्हापूर संस्थानने आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयातील स्त्री विभागाची जबाबदारी त्यांच्याकडे सोपविण्याचे ठरविले. जागा सिद्ध होती, विद्या हाती होती. परंतु परदेशातील थंडी, परिश्रम व क्षयाची बाधा यांनी शरीर खंगले होते. १८८६ च्या अखेरीस त्या मायदेशी परतल्या आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुणे येथे त्यांचे निधन झाले. वयाची बावीस वर्षेही पूर्ण झाली नव्हती. कोल्हापूरच्या त्या विभागातील एकाही रुग्णाची नाडी पाहण्याचे भाग्य त्यांना लाभले नाही. ज्या कार्यासाठी सागर ओलांडला, त्या कार्याच्या उंबरठ्यावरच काळाने त्यांना अडविले.

त्याच वेळी मुंबईत रखमाबाईंचा खटला गाजत होता. बालपणी झालेल्या विवाहाच्या आधारे पतीकडे नांदण्यास जाण्याचे त्यांनी नाकारले. १८८७ साली न्यायालयाने पतीगृही जाण्याचा, अन्यथा तुरुंगवास भोगण्याचा आदेश दिला, तरी त्या डगमगल्या नाहीत. १८८८ साली तडजोड होऊन हे प्रकरण मिटले. पुढील वर्षी त्यांनी लंडन येथील स्त्रियांच्या वैद्यकीय विद्यालयात प्रवेश घेतला आणि १८९४ साली शिक्षण पूर्ण केले.

स्वदेशी परतल्यावर १८९५ साली त्यांनी सुरत येथील स्त्रियांच्या रुग्णालयाची सूत्रे हाती घेतली. येथे खरी परीक्षा सुरू झाली. रुग्णालय होते, डॉक्टर होत्या; पण प्रसूतीसाठी घराबाहेर पाऊल टाकण्यास स्त्रिया धजावत नसत. असे सांगतात, की रखमाबाईंनी एका गाभण शेळीची प्रसूती रुग्णालयात करविली आणि येथे कोणासही अपाय होत नाही, हे लोकांच्या डोळ्यांसमोर सिद्ध केले. लंडनच्या कोणत्याही परीक्षेत हा प्रश्न विचारला गेला नसेल! त्याचे उत्तर रुग्णांच्या मनातील भय ओळखूनच सापडणार होते. पुढे प्लेगच्या साथीतही त्या सेवेत राहिल्या. सुरत व त्यानंतर राजकोट मिळून तीन दशकांहून अधिक काळ त्यांनी स्त्रियांची शुश्रूषा केली. २५ सप्टेंबर १९५५ रोजी, वयाच्या एक्याण्णवाव्या वर्षी, त्यांचे देहावसान झाले.

आज विद्यार्थिदशा व व्यवसाय यांमधील ही वाट कायद्याने आखून दिलेली आहे. एम. बी. बी. एस. ची अंतिम परीक्षा उत्तीर्ण झाल्यावर बारा महिन्यांची आंतरवासिता, अर्थात इंटर्नशिप, बंधनकारक आहे. या काळात नोंदणी तात्पुरती असते. तरुण डॉक्टर शस्त्रक्रिया, प्रसूती, बालरोग इत्यादी विभागांतून फिरतो, ग्रामीण केंद्रात काम करतो आणि ज्येष्ठांच्या देखरेखीखाली निर्णय घेण्यास शिकतो. त्यानंतरच कायम नोंदणीचा मार्ग मोकळा होतो.

तरीही एक गोष्ट कोणताही नियम देऊ शकत नाही. ती म्हणजे रुग्णाचा विश्वास. रखमाबाईंना तो एकेका कुटुंबाकडून मिळवावा लागला; आनंदीबाईंना तो मिळविण्यास आयुष्य पुरले नाही. आपल्या घरातील मुलगा वा मुलगी डॉक्टर होऊन येते, तेव्हा कौतुकाचा हार घालताना या दोघींचे स्मरण व्हावे. पदवी हा प्रवासाचा शेवट नसून प्रारंभ आहे, हे त्यांच्या चरित्रांइतके स्पष्टपणे क्वचितच कोणी सांगितले असेल.