फिलिप्पैकरांस पत्र, अध्याय ४, वचने ११ ते १४

पत्र लिहिताना पौल कैदेत आहे. कैद रोमची की इफिसची, यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. इथल्या अर्थाला त्याने बाधा येत नाही. फिलिप्पैच्या मंडळीने एपफ्रदीताच्या हाती मदत पाठवली, तिची ही पोच आहे. हा प्रसंग सुटला की वचनांचा अर्थही सुटतो.

वचन ११. आपण गरजेपोटी बोलत नाही, असे पौल आधी सांगतो. म्हणजे गरजच नव्हती असे नव्हे. पुढे तो स्वतःच्या संकटाचा उल्लेख करतोच. याचा अर्थ, गरज आहे, पण बोलणे तिच्या ताब्यात नाही. मग म्हणतो, असेन त्या स्थितीत तृप्त राहायला शिकलो. मुळातला शब्द 'औतार्केस', म्हणजे स्वयंपूर्ण, बाहेरचे काही न लागणारा. स्तोइक तत्त्वज्ञांचा हा लाडका शब्द. पौल तो उचलतो, आणि त्याचे काय करतो ते तेराव्या वचनात कळते. तूर्त 'शिकलो' याकडे बघ. शिकलो म्हणजे पूर्वी येत नव्हते. 'माझा स्वभावच असमाधानी' ही सबब इथे चालत नाही.

वचन १२. तंगी आणि सुबत्ता, उपास आणि भरलेले पोट, दोन्हींत राहणे जमते, असे तो म्हणतो. तंगीचे आपल्याला पटते. पण सुबत्तेत शिकायचे काय? पगारवाढ झाल्याचे पत्र हातात पडते, आणि त्याच संध्याकाळी, ताट समोर असताना, मोठ्या गाडीचा हप्ता किती बसेल याचा हिशेब सुरू होतो. भाजीला मीठ नव्हते हेही कळत नाही. हा धडा उपासाच्या धड्याहून कठीण, असे माझे मत.

वचन १३. बळ देणाऱ्याच्या आधाराने सर्व काही जमते. (जुन्या हस्तलिखितांत इथे 'ख्रिस्त' हे नाव नाही, रोख त्याच्याकडेच आहे.) 'सर्व' म्हणजे काय? एक वाचन: परीक्षा, नोकरी, सामना, मनात येईल ते. दुसरे: नुकत्याच सांगितलेल्या सर्व स्थिती. दुसरेच ग्राह्य, कारण आधीचे वाक्य भुकेचे आणि तृप्तीचे आहे, यशाचे नव्हे. दिनदर्शिकेवर हे वचन एकटे छापतात, म्हणून पहिले वाचन फोफावले. आता 'स्वयंपूर्ण' पुन्हा घे. बळ दुसऱ्याकडून येते, म्हणजे स्तोइकांचा अर्थ इथे मोडला.

वचन १४. 'तरी' माझ्या संकटात वाटेकरी झालात, हे चांगले केले. घाईत हे वचन ओलांडले जाते, आणि नेमके इथेच अडायला हवे. समाधानी असूनही पौल मदत नाकारत नाही. अठराव्या वचनात तर त्या काळच्या पावत्यांवर असे तेच, 'भरून पावलो' या अर्थाचे क्रियापद वापरतो. याचा दुसरा अर्थ अधिक बोचणारा. समाधानाचा धडा त्याने स्वतःला लावला, फिलिप्पैकरांना मदतीतून सूट द्यायला नाही वापरला. मंडळीत कुणाची नोकरी गेली आणि आपण त्याला 'समाधानी राहा' एवढे सांगून उपासनेतून घरी आलो, तर अकरावे वचन आपण चुकीच्या माणसाला लावले. देणारे श्रीमंत होते असेही समजू नको. करिंथकरांस दुसऱ्या पत्राच्या आठव्या अध्यायात पौल मासेदोनियातल्या मंडळ्यांचे दारिद्र्य नोंदवतो, आणि फिलिप्पै मासेदोनियातलेच.

तेरावे वचन पाठ असेल, तर चौदावेही पाठ कर.